पिरोजा : त्याचा वर्ण, वर्णपालट आणि जुन्या याद्यांतील नोंदी

जवाहिरखान्याच्या अगर देवस्थानांच्या जुन्या याद्या दागिन्यांशीं ताडून पाहणारास एक अडचण केव्हां ना केव्हां भेटतेच. यादींत कलम असतें ‘आसमानी पिरोजा’. आणि ज्या दागिन्याशीं तें कलम जुळवावयाचें त्यांतील खडा दिसतो हिरवट, कधीं कधीं तर मळकट पोपटी. नग तितकेच, घडण तीच, कोंदण जुनें; फक्त वर्ण जुळत नाहीं. अशा वेळीं पहिली शंका येते ती खडा बदलल्याची. मग ‘दागिना यादींतील नव्हे’ असा शेरा पडतो, किंवा मध्यंतरींच्या एखाद्या कारभाऱ्यावर अफरातफरीचा ठपका येतो. आणि एकदां लिहिला गेलेला शेरा पुढील प्रत्येक लेखक प्रमाण मानून उचलतो. इतर बहुतेक रत्नांच्या बाबतींत ही शंका रास्त ठरेल. माणिक पेटींत पडून हिरवें होत नाहीं, कीं पाच निळी होत नाहीं. पिरोज्याची गोष्ट निराळी आहे. वर्ण हा या रत्नाचा स्थिर धर्मच नव्हे. सबब केवळ वर्णभेदावरून खडा बदलल्याचा निष्कर्ष काढणें गैर आहे, असें आमचें म्हणणें आहे. तें कां, याचा विचार प्रस्तुत लेखांत केला आहे.

प्रथम नांव पाहूं. शब्द मूळचा इराणी असून ‘पेरोझ’ म्हणजे विजयी. अरबी भाषेंत ‘प’ हा वर्ण नाहीं, त्यामुळें तेथें त्याचें ‘फीरूज’ झालें, आणि फारशींतहि पुढें पकार व फकार अशीं दोन्ही रूपें चालूं राहिलीं. मराठीनें ‘पिरोजा’ व त्यावरून रंगवाचक ‘पिरोजी’ हीं पकारयुक्त रूपें राखलीं, आणि संस्कृत ग्रंथकारांनींहि ‘पेरोज’ असेंच लिहिलें. युरोपीय भाषांतील नांवाचा अर्थ ‘तुर्की दगड’ असा आहे. पण तें खाणीवरून पडलेलें नाहीं, माल तुर्कांच्या मुलखांतून पश्चिमेस जाई म्हणून पडलें आहे. मोडी कागद वाचणारांसाठीं येथेंच एक सूचना करून ठेवतों. ‘बिरोजा’ किंवा ‘गंधबिरोजा’ हा चीड वृक्षाचा चिकट रस होय. त्याचा रत्नाशीं कांहीं संबंध नाहीं. कलमापुढें शेर-पावशेराचें वजन असेल आणि शेजारीं राळ, गुग्गुळ, हिंगूळ अशीं नांवें असतील, तर तें कलम औषधी अगर कारखान्याच्या सामानाचें समजावें. रत्न असेल तेथें नगांची संख्या किंवा रती-माशांचें वजन येईल.

नवरत्नांत पिरोज्यास स्थान नाहीं. भारतीय रत्नशास्त्रांत तो परदेशी पाहुणा म्हणून उशिरां आला, आणि आला तो आपलें परदेशी नांव घेऊनच. अल्लाउद्दीन खिलजीच्या दरबारीं असलेल्या ठक्कुर फेरू या जैन अधिकाऱ्यानें इ. स. १३१५ मध्यें प्राकृतांत रत्नपरीक्षेवर जो ग्रंथ लिहिला, त्यांत पिरोज्याचा उल्लेख असून त्याचें उत्पत्तिस्थान म्हणून निशापुराचें नांव येतें. खजिन्याशीं प्रत्यक्ष संबंध असलेल्या माणसाची ही नोंद असल्यामुळें ती पोथींतून पोथींत उतरलेल्या माहितीपेक्षां वजनदार समजली पाहिजे. फेरूचे ग्रंथ अगरचंद व भंवरलाल नाहटा यांस कलकत्त्यांत मिळालेल्या हस्तलिखितावरून उजेडांत आले आणि १९६१ सालीं जोधपुराहून छापले गेले. तोंपर्यंत या विषयाचा अभ्यास करणारांचा हा एक मोठा आधार दृष्टीआडच होता.

दुसरा महत्त्वाचा आधार नरहरि पंडिताच्या राजनिघंटूचा. त्यांत पेरोजास ‘हरिताश्म’, म्हणजे हिरवा दगड, असा पर्याय दिला असून त्याचे भस्मांग व हरित असे दोन प्रकार सांगितले आहेत. ‘भस्मांग’ म्हणजे राखेच्या वर्णाचा. आमच्या मतें हा फिकट, पांढरट निळा पिरोजा असावा. लक्ष्यांत घेण्यासारखी गोष्ट ही, कीं या निघंटुकारानें रत्नाचें संस्कृत नांवच हिरवेपणावरून पाडलें आहे. उलट फारशी लेखक उत्तम पिरोज्याची तुलना निरभ्र आकाशाशीं करतात, व फारशी कवि आकाशालाच पिरोज्याचा घुमट म्हणतात. मग दोघांपैकीं चुकला कोण? कोणीच नाहीं. प्रत्येकानें आपल्या हातीं आलेला खडा पाहून लिहिलें. शिवाय रंगांचीं नांवें जुन्या भाषांत आजच्या इतकीं कांटेकोर नव्हतीं. संस्कृत ‘नील’ शब्दाचा पल्ला निळ्यापासून काळपट हिरव्यापर्यंत जातो, आणि ज्या फारशी काव्यांत आकाश पिरोजी असतें त्याच काव्यांत तें कधीं हिरवेंहि असतें. यादी लिहिणारा कारकून तरी याहून अधिक नेमका कशावरून असणार? त्यांत ती यादी रात्रीं दिव्याच्या पिवळ्या उजेडांत झाली असेल, तर निळा खडा त्याला हिरवटच दिसला असला पाहिजे.

आतां खुद्द दगडाकडे वळूं. पिरोजा हें तांबें व अल्युमिनियम यांचें जलयुक्त फॉस्फेट आहे. शुद्ध स्थितींत तांब्याच्या एका अणूमागें अल्युमिनियमचे सहा अणु व फॉस्फेटचे चार गट असतात, आणि घटनेंतच पाण्याचा अंश बांधलेला असतो. निळा वर्ण तांब्याचा. अल्युमिनियमच्या जागीं जसजसें लोह शिरतें तसतसा वर्ण हिरव्याकडे झुकतो. म्हणून एकाच खाणींत, क्वचित् एकाच तुकड्यांत, निळा व हिरवा शेजारीं शेजारीं सांपडतात. अशा खड्यास जन्मतः हिरवा म्हणावें. त्यांत दोष कोणताहि नाहीं. फक्त इराणी बाजारांत त्याला भाव कमी.

काठिण्याच्या प्रचलित श्रेणींत, जींत हिरा १० व स्फटिक ७ धरतात, पिरोजा ५ ते ६ च्या दरम्यान बसतो. म्हणजे तो साधारण कांचेइतकाच कठीण. त्यावर मजकूर कोरतां येतो, आणि अक्षरांत सोनें भरलेले इराणी ताईत व अंगठ्यांचे खडे संग्रहांतून पुष्कळ आढळतात. विशिष्ट गुरुत्व २.६ ते २.९. चकाकी मेणासारखी, कांचेसारखी नव्हे. खडा अपारदर्शक असल्यामुळें त्याच्या खालीं डांक घालण्याचें प्रयोजन नसतें, आणि त्याला पैलूहि सहसा पाडीत नाहींत. घुमटासारखा गोल घासतात किंवा सपाट तकट करून बसवितात. डोळ्यांस दिसतील असे स्फटिक इतके दुर्मिळ, कीं ते प्रथम अमेरिकेंतील व्हर्जिनिया प्रांतांत १९११ च्या सुमारास मिळाले. एरव्हीं सर्व पिरोजा हा अतिसूक्ष्म कणांचा घट्ट गोळा असतो. कणाकणांमध्यें पोकळी राहिलेली असते. ही सच्छिद्रता हेंच त्याच्या चंचलपणाचें मूळ आहे. दगड मडक्यासारखा पाझर धरतो. जें त्याच्या सहवासांत येईल तें तो शोषून घेतो, आणि स्वतःचें पाणी गमावूंहि शकतो.

तो उत्पन्न होतो कोरड्या प्रदेशांत. तांब्याचा अंश असलेल्या खडकांतून झिरपणारें पाणी अल्युमिनियमयुक्त दगडाच्या फटींत पोंचतें आणि तेथें शिरा अगर गुठळ्या जमतात. फटींच्या कडेचें तपकिरी लोहद्रव्य किंवा काळी माती खड्यांत अडकून राहते, आणि घासल्यावर तिचें जाळें दिसतें. जवाहिरे या जाळ्यास दोष मानतात. संशोधकाच्या दृष्टीनें तें वरदान आहे. त्याचें कारण पुढें येईल.

खाणींमध्यें मान निशापुराचा. खोरासानांतील या शहराच्या वायव्येस सुमारें पन्नास किलोमीटरवर, डोंगराळ मुलखांत या खाणी आहेत, आणि हजार वर्षांहून अधिक काळ त्यांचें नांव ग्रंथांतरीं येत आहे. अकराव्या शतकांत अल्-बिरूनीनें रत्नांवर अरबींत लिहिलेल्या ग्रंथांत पिरोज्यास स्वतंत्र प्रकरण आहे. तेथील मालांत ‘अबू इस्हाकी’ नांवाच्या खाणीचा खडा श्रेष्ठ मानीत. हिऱ्यांच्या शोधांत गोवळकोंड्यापर्यंत आलेला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये याचें प्रवासवृत्त १६७६ त प्रसिद्ध झालें. त्यांत तो जुनी खाण व नवी खाण असा भेद करतो. नव्या खाणीचा माल पांढरट निळा, हवा तितका व स्वस्त मिळणारा. जुन्या खाणीचा उत्तम, पण तो इराणच्या शहानें पुष्कळ वर्षें स्वतःसाठीं राखून ठेवलेला. याचें कारणहि त्यानें दिलें आहे : इराणांत सोन्यावर मिन्याचें काम करणारे कारागीर नसल्यामुळें तलवारी-खंजिरांच्या मुठींवर मिन्याच्या ऐवजीं या खड्यांचे तुकडे बसवीत. ताव्हेर्नियेचें कारागिरांविषयींचें मत फारसें गंभीरपणें घेण्याचें कारण नाहीं. परंतु जुना-नवा हा भेद दख्खनच्या बाजारालाहि ठाऊक असणार हें उघड आहे, कारण रत्नांचे व्यापारी दोहींकडे तेच होते.

नव्या खाणींच्या मालाविषयीं एकोणिसाव्या शतकांतील वर्णनांत एक मासलेवाईक गोष्ट आहे. खाणींतून नुकता निघालेला खडा ओलसर असतां गडद निळा दिसतो आणि वाळतांच फिका पडतो. म्हणून विकणारे असे खडे गिऱ्हाईक मिळेपर्यंत ओल्या मडक्यांत ठेवीत. खडा घरीं नेल्यावर कांहीं महिन्यांनीं वर्ण उतरला म्हणजे घेणारा नशिबास किंवा नजरेस दोष देत असे. आपल्याकडील एखाद्या खरेदीच्या कागदांत ‘गहिरा आसमानी’ आणि दहा वर्षांनंतरच्या झाडतींत त्याच नगास ‘फिका’ असें लिहिलेलें सांपडल्यास दोन्ही कारकून प्रामाणिक असूं शकतील.

वर्णाच्या या लहरीपणाची सर्वांत जुनी लेखी साक्ष मात्र इराणांतील नाहीं. ती मिसर देशाच्या पूर्वेस सिनाईच्या वाळवंटांत आहे. तेथें सराबित-अल्-खादिम या ठिकाणीं मिसरी राजांच्या मोहिमा पिरोजा काढण्यासाठीं जात, आणि पिरोज्याची स्वामिनी म्हणून हॅथोर देवीचें देऊळ त्यांनीं तेथें उभारलें. तिसरा अमेनेम्हेत या राजाच्या सहाव्या वर्षीं, म्हणजे इ. स. पूर्वीं एकोणिसाव्या शतकांत, हरवेर्रे नांवाच्या अधिकाऱ्यानें एक शिलालेख कोरवून ठेवला. त्याचा आशय असा, कीं आपण ऐन उन्हाळ्यांत येथें आलों. ही खाणीची वेळ नव्हे, डोंगर तापून अंग भाजून निघतें, आणि या दिवसांत चांगला वर्ण मिळत नाहीं असें लोक म्हणत होते. तथापि देवीच्या कृपेनें काम सफल झालें. उन्हाळ्यांत वर्ण बिघडतो ही तेथील खाणकऱ्यांची समजूत होती आणि ती राजाच्या अधिकाऱ्यानें दगडावर नोंदविली, एवढें आपल्यास पुरे आहे. याच खाणींच्या परिसरांत सर फ्लिंडर्स पेट्री यांस १९०५ च्या सुमारास ते लहान लहान लेख मिळाले, ज्यांतील ‘बअलत्’ म्हणजे स्वामिनी हा शब्द गार्डिनर यांनीं १९१६ सालीं वाचला. वर्णमालेच्या इतिहासांतील अत्यंत प्राचीन असे हे लेख पिरोज्याच्या खाणीशेजारीं सांपडावे, ही गोष्ट लिपिशोधकांस या दगडाविषयीं ममता वाटण्यास पुरेशी आहे.

तिबेट व लडाख यांतील रुचि इराणाच्या उलट आहे. लडाखी स्त्रियांच्या ‘पेराक’ नांवाच्या शिरोभूषणावर पिरोज्यांच्या रांगाच्या रांगा शिवलेल्या असतात, आणि त्यांत हिरवट खडे सर्रास दिसतात. हिमालयाच्या बाजूनें भारतांत आलेला माल आणि खोरासानाहून आलेला माल हे एकाच तागडींत घालून चालणार नाहीं. नरहरीचें ‘हरिताश्म’ वाचतांना हेंहि ध्यानांत असावें.

जन्मतः निळा असलेला खडा पुढें हिरवा कशानें होतो, हें जुन्यांना ठाऊक होतें. इ. स. १२५३ मध्यें मरण पावलेला अरबी रत्नशास्त्रज्ञ अत्-तीफाशी लिहितो, कीं घामानें व तेलानें पिरोजा बिघडतो आणि कस्तुरीनें त्याचा वर्ण नष्ट होतो. हवा स्वच्छ असली म्हणजे खडा स्वच्छ दिसतो व मळभ असलें म्हणजे मळतो, असेंहि त्यानें म्हटलें आहे; त्यांतील दुसरा भाग उजेडाचा परिणाम म्हणून समजण्याजोगा आहे, आणि पहिला आजच्या रसायनशास्त्रासहि मान्य आहे. घाम, तेल, अत्तर व चंदनाची उटी छिद्रांतून आंत शिरतात. उष्णतेनें व सतत उन्हानें घटनेंतील पाणी जातें. दोहोंचा परिणाम हिरवटपणा. दागिना दुरुस्त करतांना सोनाराच्या फुंकणीची आंच खड्यास लागली तर तो क्षणांत बिघडतो. आपल्याकडील उष्ण हवा, अंगास तेल लावण्याची चाल आणि मूर्तीस होणारे अभिषेक मनांत आणले, म्हणजे दोनशें वर्षांच्या वापरांतील पिरोजा आसमानी राहिला तरच नवल करावें अशी स्थिति आहे.

मग जन्मतः हिरवा व मागाहून हिरवा झालेला, हे ओळखावे कसे? भिंगाखालीं पाहिलें असतां मागाहून झालेला पालट बहुधा सारखा पसरलेला नसतो. अंगास घासणारी बाजू, भेगांच्या कडा व मध्यभाग अधिक हिरवे असतात. कोंदणाखालीं दबलेल्या कडेशीं किंवा खड्याच्या पाठीवर निळा वर्ण शिल्लक राहिलेला पुष्कळदां सांपडतो. लोहामुळें हिरवा असलेला खडा टवका उडालेल्या जागींहि आंतून तसाच असतो. अर्थात् टवका मुद्दाम उडवून पाहूं नये. जुन्या वस्तूवर जो आधींच उडालेला असेल तोच पाहावा.

शंका रास्त ठरते ती दगड पिरोजाच नसेल तेव्हां. कांचेच्या नकला भिंगांतून दिसणाऱ्या बुडबुड्यांवरून कळतात. पूर्वीं युरोपांत ‘दंत-पिरोजा’ नांवाचा पदार्थ पुष्कळ खपला. तो दक्षिण फ्रान्सांत सिमोर गांवाजवळ मिळणाऱ्या अश्मीभूत दांतांस भाजून बनवीत. रेओम्यूरनें १७१५ मध्यें त्यावर निबंध वाचला, आणि भाजल्यानें मँगॅनीजची जी अवस्था होते तिच्यामुळें हा निळा वर्ण येतो हें २००१ सालीं सिद्ध झालें. तो पिरोज्याहून जड, ३ च्या वर विशिष्ट गुरुत्वाचा असतो व भिंगांतून दांताची घडण दिसते. रंगविलेला हाउलाइट हा अलीकडचा ठकवणारा. हा पांढरा दगड ओळखला गेला तोच १८६८ त, सबब अठराव्या शतकांतील अभंग कोंदणांत तो असूं शकत नाहीं. तसेंच कृत्रिम पिरोजा बाजारांत आला १९७२ मध्यें. राळेसारख्या द्रव्यांनीं छिद्रें बुजवून घट्ट केलेले खडे मात्र आज इतके सर्रास विकले जातात, कीं सुटा खडा ‘जुना’ म्हणून आणणाऱ्या विक्रेत्याच्या शब्दावर विसंबणें म्हणजे पैसा पाण्यांत टाकणें होय. मोठ्या वस्तुसंग्रहालयांत क्ष-किरणांनीं, वस्तूस धक्का न लावतां, तांबें व लोह यांचें प्रमाण पाहतां येतें. ज्या दागिन्यावरून वाद आहे तो तेथें नेण्याचा खर्च सार्थकीं लागेल.

खरोखर खडे बदलले गेल्याचें एक प्रसिद्ध उदाहरण सांगण्यासारखें आहे. नेपोलियननें १८१० मध्यें दुसऱ्या विवाहाच्या वेळीं राणी मारी लुईझ हिला दिलेल्या अलंकारांपैकीं एक मुकुट आज वॉशिंग्टनच्या स्मिथ्सोनियन संस्थेंत आहे. त्यांत हिऱ्यांबरोबर ७९ इराणी पिरोजे आहेत. परंतु हा मुकुट मूळचा पाचूंचा. १९५० नंतरच्या दशकांत तो एका फ्रेंच पेढीकडे आला. तिनें पाचू काढून सुटे विकले आणि पुढें त्या जागीं पिरोजे बसविले. १९७१ सालीं तो संस्थेस देणगी मिळाला. येथें वर्ण हिरव्याचा निळा झाला, तो मनुष्याच्या हातानें. हें आपण निश्चितपणें सांगतों तें विक्रीच्या नोंदी आहेत म्हणून. असा लेखी पुरावा किंवा कोंदण उकलल्याची खूण असेल तेथें खडा बदलल्याचें खुशाल लिहावें.

राहिला प्रश्न ओळख पटविण्याचा. वर्ण भरंवशाचा नाहीं, परंतु वर सांगितलेलें काळ्या-तपकिरी शिरांचें जाळें बदलत नाहीं. खडा निळ्याचा हिरवा झाला तरी त्या रेषा जागच्या जागीं राहतात, आणि दोन खड्यांचीं जाळीं हुबेहूब सारखीं नसतात. जुनें चित्र वा छायाचित्र उपलब्ध असेल तेथें रंग सोडून द्यावा व रेषा जुळवाव्या. काळ्या-पांढऱ्या छायाचित्रावरहि हें काम भागतें. नवी यादी करणारांनीं प्रत्येक खड्याचें मोजमाप, त्यांतील रेषांची आकृति, पुढील व मागील बाजूचा वर्ण आणि तो कोणत्या उजेडांत व कोणत्या तारखेस पाहिला हें लिहून ठेवावें. नुसतें ‘पिरोजी’ लिहूं नये. आणि यादी करण्यापूर्वीं दागिना उजळण्याची जी घाई होते ती टाळावी. चिंचेच्या कोळानें किंवा लिंबानें चांदी चकचकीत होते, पण आम्लानें पिरोज्याची जिलई जाते; तेलाचा हात फिरविल्यास तो घटकाभर गडद दिसतो आणि कायमचा हिरवट होतो. कोरडें मऊ फडकें पुरे.